ऑर्डर दिलीच नाही, तरी मोजली गेली

‘ऑर्डर आली तरच आमचे पैसे, नाहीतर एक रुपया देऊ नका’ असं सांगत कोणी तुमच्या वेबसाइटच्या जाहिराती करायला आलं, तर आधी एवढंच विचारा: ऑर्डर आली हे मोजणार कोण?

आमचा गिरगावात भाजणी, मेतकूट, मसाले आणि दिवाळीत फराळ असा धंदा आहे. वेबसाइट होतीच. अंधेरीच्या एका डिजिटल मार्केटिंगवाल्यांनी गूगलच्या जाहिराती चालवायला घेतल्या. जाहिरातीचा खर्च आमच्या कार्डावरून थेट गूगलला जाणार आणि त्यांना दर ऑर्डरमागे ६० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. मोजणी ‘गूगल टॅग मॅनेजर’मधून होईल म्हणाले. ज्यांना हे नवं आहे त्यांच्यासाठी सांगते: टॅग म्हणजे साइटवर बसवलेला छोटा कोड. गिऱ्हाइकाने ठरावीक गोष्ट केली की तो गूगलला कळवतो. कधी कळवायचं ते ‘ट्रिगर’ ठरवतो. पैसे भरल्यावर जे ‘धन्यवाद’चं पान उघडतं, त्यावर ट्रिगर बसवणं ही नेहमीची पद्धत.

सुरुवातीला त्यांचा माणूस दुकानात येऊन बसला, आमच्यासमोर अर्धा किलो भाजणीची ऑर्डर टाकली आणि लॅपटॉपवर ती मोजली गेलेली दाखवली. बरोब्बर एक. पहिल्या महिन्याचं बिलही आमच्या वहीशी जुळलं. ते बेतास बात होतं, कारण ऑर्डरीच बेताच्या होत्या.

दुसऱ्या महिन्यापासून आकडे फुगले. त्यांच्या रिपोर्टात दिसणाऱ्या ऑर्डरी आणि पेमेंट गेटवेकडून खात्यात जमा होणारी रक्कम यांचा मेळ बसेना. कुरियरवाला पोरगा रोज जेवढी पाकिटं नेतो, त्याच्या तिप्पट ऑर्डरी कागदावर! विचारलं की उत्तर तयार: ‘मॅडम, ट्रॅकिंगमध्ये थोडा फरक असतोच. कुकी, आयफोन, ॲड ब्लॉकर...’

यातली मेख लक्षात ठेवा. फरक असतो हे खरंच आहे. पण कुकीला (गिऱ्हाईक ओळखण्यासाठी साइट ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद) नकार दिला, ब्राउझरने टॅग अडवला, पान पूर्ण उघडण्याआधीच गिऱ्हाईक निघून गेलं, तर मोजणी कमी भरते. प्रत्यक्षात ५० ऑर्डरी आणि रिपोर्टात ४४, हे समजू शकतं. उलट झालं तर दोनच शक्यता: एकच ऑर्डर पुन्हा पुन्हा मोजली जातेय, किंवा जी ऑर्डरच नाही तिला ऑर्डर म्हटलं जातंय. आमच्याकडे दोन्ही निघालं.

माझा भाचा ऐरोलीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला आहे. त्याला रिपोर्ट दाखवला तर म्हणाला, ‘मामी, ऑर्डर टाकल्यावर मोजली जाते हे त्यांनी दाखवलंच. आता ऑर्डर टाकूच नका. फॉर्म उघडा आणि बंद करा.’

तसं केलं. क्रोममध्ये साइट उघडून एफ१२ दाबलं, ‘नेटवर्क’मध्ये गेलो आणि शोधायच्या जागी ‘कलेक्ट’ टाकलं. गूगल ॲनालिटिक्सकडे, म्हणजे साइटवर कोण काय करतं याची नोंद ठेवणाऱ्या गूगलच्या सेवेकडे, जाणारा निरोप याच नावाच्या ओळीत दिसतो. आमच्या ‘ऑर्डर-फॉर्म’ पानावर क्लिक केलं, नाव नाही, पत्ता नाही, पैसे तर नाहीतच. ओळ उमटली. तिच्यावर क्लिक करून आत पाहिलं तर इव्हेंटचं नाव ‘पर्चेस’, रक्कम ८५०. म्हणजे आम्ही नुसता फॉर्म उघडला आणि गूगलला कळलं की ८५० रुपयांची खरेदी झाली! पान रिफ्रेश केलं, आणखी एक ‘पर्चेस’. ऑर्डर क्रमांक सोबत जातच नव्हता. तो गेला असता तर तीच खरेदी दुसऱ्यांदा आली हे ओळखून ती गाळता येते.

एवढं पाहायला कोणाची परवानगी लागत नाही. कोणता टॅग कधी चालला हे दाखवणारा गूगलचा ‘टॅग असिस्टंट’ फुकट आहे, मेटाच्या (फेसबुक, इन्स्टाग्रामच्या) जाहिरातींसाठी तसाच ‘पिक्सेल हेल्पर’ आहे. दुकानातली कोणीही मुलगी हे करू शकते.

पुढचं बिल थांबवून मी टॅग मॅनेजरमध्ये शिरायला मागितलं. आमच्या साइटचे सगळे टॅग आणि ट्रिगर ज्यात ठेवलेले असतात तो ‘कंटेनर’ त्यांच्याच खात्यात होता. तिथल्या एका नवख्या पोराने, बिचाऱ्याने, लगेच नुसतं बघण्यापुरती परवानगी देऊन टाकली. आत ट्रिगरचं नाव होतं ‘थँक यू पेज’. नाव वाचून कोणीही पुढे जाईल. उघडलं तर अट अशी: पेज पाथ ‘कंटेन्स’ ऑर्डर. पत्त्यात कुठेही ‘ऑर्डर’ असलं की झालं! आमच्या फॉर्मच्या पत्त्यात ‘ऑर्डर’, ऑर्डर ट्रॅक करायच्या पानाच्या पत्त्यातही ‘ऑर्डर’. पार्सल कुठवर आलं हे बघायला डोंबिवलीच्या काकू दिवसातून चार वेळा यायच्या, त्या आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईक ठरल्या असणार.

चूक म्हणून मी सोडूनही दिलं असतं. पण टॅग मॅनेजर प्रत्येक बदलाची आवृत्ती ठेवतो: काय बदललं, कोणी, कधी. पहिल्या आवृत्तीत अट चोख होती, पेज पाथ ‘इक्वल्स’ आणि पुढे धन्यवादच्या पानाचा पूर्ण पत्ता. पहिलं बिल छोटं निघालं, आणि त्याच आठवड्यात ‘इक्वल्स’चं ‘कंटेन्स’ झालेलं. बदलाचं वर्णन लिहायची जागा कोरी.

दर ऑर्डरचे ६० रुपये हे त्यातलं लहान नुकसान. गूगलची आपोआप बोली लावणारी यंत्रणा याच मोजणीवरून शिकते. फॉर्म उघडून परत जाणारे लोक तिला गिऱ्हाईक म्हणून दाखवले, की ती तसलेच लोक शोधून आणते, आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर तिने तेच केलं. जाहिरातीचे पैसे गूगलला गेले ते गेलेच, त्यात गूगलने फसवलं असंही म्हणता येत नाही. बिघडलेल्या दिवसांचा डेटा शिकण्यातून वगळायची सोय गूगल ॲड्समध्ये आहे, ती आम्ही नंतर वापरली.

त्यांना स्क्रीनशॉट पाठवले तेव्हा ‘टेक्निकल इश्यू’ म्हणाले. संध्याकाळपर्यंत माझी परवानगी काढलेली होती. म्हणून सांगते, भांडण नंतर करा, आधी आवृत्त्यांच्या यादीचे तारखेसकट फोटो घ्या, आणि जमलं तर कंटेनर एक्स्पोर्ट करून फाइल स्वतःकडे ठेवा. कंटेनर, ॲनालिटिक्स आणि ॲड्स ही तिन्ही खाती आपल्या ईमेलवर, ॲडमिन आपण, एजन्सीला फक्त लागेल तेवढा शिरकाव, हे काम देतानाच लिहून घ्या. आणि ज्याला आकड्यावर पैसे मिळणार त्याने दाखवलेल्या टेस्टला टेस्ट समजू नका. होम पेज, फॉर्म, अर्धवट सोडलेलं पेमेंट, रिफ्रेश, बॅक बटण, हे सगळं करून काही मोजलं जात नाही ना ते आधी बघा. महिन्याअखेरी रिपोर्टातले ऑर्डर क्रमांक गेटवेच्या यादीशी एकेक करून लावा. क्रमांकच नसतील तर बिल देऊ नका.

शेवटचं बिल आम्ही दिलं नाही. आधीच्या पैशांसाठी वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे, उत्तर नाही. परवा ठाकूरद्वारच्या आमच्या ओळखीच्या साडीवाल्यांकडे त्यांचाच माणूस ‘ऑर्डर आली तरच पैसे’ म्हणत येऊन गेला. त्यांना मी एफ१२ कुठे असतं ते दाखवून आले.