जेलो कम्युनिकेटर: शॅडो टीचरच्या बाकावरून

न बोलणाऱ्या किंवा मोजकेच शब्द बोलणाऱ्या मुलांसाठी तयार झालेले 'जेलो कम्युनिकेटर' हे ॲप मी मराठी माध्यमाच्या शाळेत, दुसरीच्या वर्गात, एका स्वमग्न मुलासोबत शॅडो टीचर म्हणून, म्हणजे वर्गात त्याच्या शेजारी बसणारी मदतनीस म्हणून, काम करताना वापरते. आयआयटी मुंबईच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये ते घडले असून ते मोफत आहे आणि इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीतूनही बोलते. या जमेच्या बाजू कोणत्याही माहितीपत्रकात सापडतील. चाळीस मुलांच्या गोंगाटात, फळ्याकडे बघत आणि वेळापत्रक सांभाळत हे ॲप कितपत चालते, हे मात्र मुलाशेजारी रोज बसणाऱ्यालाच सांगता येते.

रचना साधी आहे. पडद्याच्या मध्यभागी खाणे, शिकणे, माणसे, ठिकाणे, मदत अशा विषयांची नऊ मुख्य चित्रे असतात आणि एकेक चित्र दाबत मूल आतल्या चित्रापर्यंत पोहोचते. दोन्ही कडांना मिळून आवडते, हो, जास्त आणि त्यांच्या उलट अर्थांची अशी सहा बटणे असतात. आधी चित्र निवडायचे आणि मग कडेचे बटण दाबायचे, की त्या अर्थाचे पूर्ण वाक्य ऐकू येते. तेच बटण दुसऱ्यांदा दाबले की भावना तीव्र होते, म्हणजे 'आवडत नाही'चे 'अजिबात आवडत नाही' होते. माझ्या मते या ॲपची खरी करामत या सहा बटणांत आहे, कारण मदतनिसांच्या हातातली नेहमीची चित्रकार्डे बहुतेक वेळा मागण्यापुरतीच असतात: पाणी पाहिजे, शू लागली, खेळायचे आहे. नकार देण्याची आणि मत मांडण्याची सोय त्यांत क्वचितच असते. आमच्या मुलाने मधल्या सुट्टीत डब्यातली भाजी बघून ॲपमधले भाजीचे चित्र निवडले, 'आवडत नाही' दोनदा दाबले आणि डबा माझ्याकडे सरकवला. भाजी दोडक्याची होती, त्यामुळे त्याच्या मताशी मी सहमत होते. तोपर्यंत घरचे मात्र 'तो सगळे खातो' असेच सांगत असत.

अडचण ॲपपेक्षा मदतनिसाच्या हातात अधिक असते. बाई प्रश्न विचारतात, सगळा वर्ग वळून बघतो, मूल गप्प असते आणि अशा वेळी त्याचे बोट धरून योग्य चित्रावर टेकवण्याचा मोह अनावर होतो. तसे केले की टॅबलेटमधून उत्तर येते खरे, पण ते मुलाचे नसते. म्हणून मी बाईंना आधीच सांगून ठेवले आहे की प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजावे आणि मगच पुढे जावे. बोटाला आधार द्यायचाच झाला तर मी तो कोपरापाशी देते आणि हळूहळू काढून घेते. याउलट माझ्या बोलण्यात मी स्वतः चित्रे दाबत राहते, म्हणजे 'आता आपण वही काढू' म्हणताना शिकण्याचे चित्रही दाबते, कारण मोठे माणूस ॲप वापरताना दिसले नाही तर मुलाने ते का वापरावे?

असे ॲप हातात दिले तर मूल बोलायचेच थांबेल, ही भीती पालक हमखास बोलून दाखवतात. पर्यायी संवादसाधनांमुळे बोलणे खुंटते, असे अभ्यासांतून दिसून आलेले नाही. शाळेची हरकत वेगळी असते: वर्गात मोबाइल-टॅबलेट चालणार नाही. तिथे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील कलम 17 दाखवावे, कारण वाचा आणि संवादाच्या अडचणी असणाऱ्यांसाठी पूरक व पर्यायी संवादपद्धतींच्या वापराला चालना द्यावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मुख्याध्यापकांशी वाद घालण्यापेक्षा त्या कलमाची छापील प्रत टेबलावर ठेवणे जास्त उपयोगी पडते.

वापराच्या काही गोष्टी सांगायला हव्यात. फोनच्या पडद्यावर नऊ चित्रे दाटीवाटीने बसतात, तेव्हा टॅबलेटच घ्यावा. भाषा निवडणे आणि आवाज तपासणे घरीच उरकून घ्यावे. अँड्रॉइडमधील स्क्रीन पिन करण्याची, म्हणजे पडदा एकाच ॲपवर अडकवून ठेवण्याची, सोय चालू ठेवावी, नाहीतर मूल दोन मिनिटांत व्हिडिओंकडे वळते आणि शेजारच्या दोन बाकांवरची मुलेही त्याच्यासोबत वळतात. बोटांवर पुरेसा ताबा नसलेल्या मुलासाठी चित्रांच्या जागी खिडक्या कापलेला जाड पुठ्ठा पडद्यावर बसवला, तर चुकीचे चित्र दाबले जाण्याचे प्रमाण कमी होते. परिपाठ, गृहपाठाची वही, बाकावरच्या मित्राचे नाव असे आमच्या वर्गापुरते शब्द मी लॅमिनेट करून वेलक्रोने बाकाला चिकटवले आहेत, कारण टॅबलेटची बॅटरी संपली म्हणून मुलाचे बोलणे संपता कामा नये.

चित्र आणि वस्तू यांचा मेळ ज्याला जमू लागला आहे अशा मुलाच्या मदतनिसाला मी हे ॲप निःशंकपणे सुचवेन. तो मेळ अजून बसलेला नसेल तर आधी खरी वाटी, खरा चेंडू अशा वस्तूंपासून सुरुवात करावी लागते, आणि मूल नेमके कोणत्या पायरीवर आहे हे मदतनिसाने अंदाजाने न ठरवता वाचाउपचारतज्ज्ञाकडून तपासून घ्यावे.