मुरुमांचे खड्डे: चौदा महिने, एक लेझर आणि एक टूथपिक

गेल्या आठवड्यात क्लिनिकच्या काउन्सेलर बाईंनी माझ्यासमोर टॅब धरला. डावीकडे माझा 'आधी'चा फोटो, उजवीकडे 'नंतर'चा. "बघा सर, केवढा फरक आहे! आता अजून चार सिटिंग घेतलीत की..." फरक होताच. डावीकडे उजेड डोक्यावरून पडला होता, उजवीकडे समोरून फ्लॅश मारला होता. समोरून फ्लॅश मारला तर खड्डा काय, विहीरही सपाट दिसेल. तिथेच डोकं फिरलं, म्हणून हे लिहितोय.

पॅकेज होतं फ्रॅक्शनल सीओटू लेझरचं (हे लेझर कातडीला बारीक ठिपक्यांत भाजतं), सहा सिटिंग, पैसे आगाऊ. 'एकरकमी भरलेत तर स्वस्त पडेल' हे वाक्य ऐकलं की माझा हात आपोआप खिशात जातो. गालावर नेमके कसले खड्डे आहेत हे तेव्हा ना मी विचारलं, ना कोणी नीट पाहिलं.

लेझर कसं लागतं हे सगळ्यांना माहीत आहे, फार सांगत नाही. भुलीचं क्रीम लावून तासभर बसायचं, मग चटके आणि केस जळल्याचा वास, मग आठवडाभर गालावर कॉफी पावडर भुरभुरल्यासारखे बारीक ठिपके. दहाव्या दिवशी आरशात पाहिलं तर गाल भरलेला! भेटेल त्याला सांगत सुटलो. ती सूज होती. दीड महिन्यात सगळे खड्डे जागच्या जागी हजर.

दुसऱ्या सिटिंगनंतर गालावर तपकिरी चट्टे आले. सावळ्या कातडीला जास्त उष्णता लागली की हा धोका असतोच, तो आधी सांगायला हवा होता. पण अर्धा दोष माझा. सनस्क्रीनची एक ट्यूब मी चार महिने पुरवली होती. चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं, मी वाटाण्याएवढं लावायचो. चट्टे जायला चार महिने गेले, तेही आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन दुप्पट पैसे मोजून आणल्यावर. वाचवलेले पैसे असे गेले.

मग ताईने हट्टाने दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी खोलीतला दिवा बंद केला, टॉर्च गालाच्या बाजूने धरला आणि दोन बोटांनी कातडी ताणली. ताणल्यावर जे सपाट होतात ते लाटांसारखे खड्डे रोलिंग. त्यांना खालून तंतूंनी ओढून धरलेलं असतं, वरून कितीही भाजा, ते सुटत नाहीत. नाकाजवळचे अरुंद, खोल ते आइस पिक. तितक्या खोलवर लेझरचा असर फारसा पोहोचत नाही. उभ्या कडांचे उथळ बॉक्सकार तेवढे लेझरच्या आवाक्यातले. पाच मिनिटांत एवढं समजलं. पहिल्या ठिकाणी पाच मिनिटं फक्त हप्त्यांची माहिती मिळाली होती.

आधी सबसिजन, म्हणजे ते खालचे तंतू सुईने तोडणं. भुलीची इंजेक्शनं झोंबतात, पुढे दुखत नाही. पण आवाज येतो. सुई कातडीखाली आडवी फिरते आणि तंतू तुटताना कानाशी करकर वाजतं, ओल्या वाळूवर चप्पल घासल्यासारखं. पुढचे दहा दिवस गाल आधी जांभळा, मग हिरवा-पिवळा. ऑफिसात भांडण झालं का म्हणून दोघांनी विचारलं. पण लाटा खरंच उतरल्या, आणि सूज ओसरल्यावरही उतरलेल्याच राहिल्या.

त्यानंतर टीसीए क्रॉस. ही पद्धत २००२ साली कोरियातल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. हत्यार काय, तर लाकडी टूथपिक! तिचं टोक तीव्र ट्रायक्लोरोअॅसेटिक अॅसिडमध्ये बुडवून नेमकं खड्ड्याच्या तळाशी टेकवतात. काही सेकंदांत तो ठिपका मिठासारखा पांढरा होतो, मिनिट-दोन मिनिटं आग होते, मग खपली. खपली पडल्यावर खड्डा मोठाच दिसायला लागतो. मी घाबरून फोन केला होता. हळूहळू तो तळातून भरत येतो. दर दीड महिन्याने एकदा, असं चार वेळा केलं. लेझरच्या दोन सिटिंगपेक्षा या काडीने जास्त काम केलं. घरी करायला जाऊ नका. थेंब इकडेतिकडे पडला तर नवा व्रण पदरात.

इकडे पहिल्या क्लिनिकशी भांडण चालूच. उरलेल्या चार सिटिंगचे पैसे परत मिळणार नाहीत, 'पॉलिसी' आहे. शेवटी त्याबदल्यात मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी कातडी टोचणं) घेतलं, केवळ पैसे वाया जाऊ नयेत म्हणून. आणि इथे मत थोडं बदलावं लागतंय. तीन-चार महिन्यांनी बॉक्सकारच्या कडा बोथट झाल्या. दाढी करताना रेझर अडायचा तिथे आता अडत नाही. नवं कोलॅजन, म्हणजे कातडीला भरीव ठेवणारं प्रथिन, तयार व्हायला महिने लागतात, तेव्हा यातलं थोडं श्रेय त्या लेझरलाही असेल. देतो, पण हात आखडूनच.

आजचा हिशोब: माझ्या अंदाजाने निम्म्याहून थोडी जास्त सुधारणा. नाकाजवळचा एक खड्डा जसाच्या तसा आहे. लिफ्टमधल्या वरच्या दिव्याखाली अजून सगळे दिसतात, पण आता मी लिफ्टने जातो, जिन्याने नाही.

तर टॅबवरचा तो फोटो. मी बाईंना म्हटलं, पहिला फोटो जिथे काढला होता तिथेच, त्याच दिव्याखाली उभा राहतो, आत्ता काढा. बाईंनी वर बघितलं. म्हणाल्या, "सर, तो दिवा आम्ही काढून टाकलाय."