आर-फाइव्ह पेप्टाइड : सात महिने वापरल्यावर

आर-फाइव्ह म्हणजे अमिनो आम्लांची एक छोटी साखळी (पेप्टाइड), पाण्यातल्या सिलिसिक आम्लाची घन सिलिका बनवणारी. जूनमध्ये पहिली कुपी उघडली, आता जानेवारी सरत आला. दहा-दहा मिलिग्रॅमच्या चार कुप्या मागवल्या होत्या, त्यातली शेवटची अर्धी उरलीय. सांगलीतल्या आमच्या छोट्या लॅबमधलं काम साधं आहे: यीस्टचं इन्व्हर्टेज हे साखर फोडणारं एंझाइम अशा सिलिकात कोंडायचं आणि साखरेचं ग्लुकोज-फ्रुक्टोज करायला तेच तेच पुन्हा वापरायचं. ऊसपट्ट्यात राहून दुसरं काय सुचणार!

डायटम म्हणजे काचेच्या घरात राहणारं शेवाळ. कृष्णेच्या घाटावर दगडांना जो तपकिरी बुळबुळीत थर असतो, तो खरवडून मायक्रोस्कोपखाली धरा, होडीसारखे कितीतरी दिसतील. आर-फाइव्ह मात्र आपल्या नदीतलं नव्हे. सिलिंड्रोथेका फ्युजिफॉर्मिस या समुद्री डायटमच्या, काच घडवणाऱ्या सिलॅफिन प्रथिनातला हा १९ अमिनो आम्लांचा तुकडा. क्रोगर, डॉइट्झमन आणि झुम्पर यांनी सिलॅफिनवरचं काम १९९९ मध्ये प्रसिद्ध केलं. २००४ मध्ये लकारिफ्ट आणि सहकाऱ्यांनी याच पेप्टाइडनं एंझाइम सिलिकात अडकवून दाखवलं.

कृती सोपी आहे. टेट्रामिथाइल ऑर्थोसिलिकेट एक मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात मिसळून सिलिसिक आम्ल करायचं, मग पीएच ८ च्या फॉस्फेट बफरमध्ये एंझाइम, पेप्टाइड आणि हे आम्ल एकत्र. नळी हातात असतानाच पाण्यात दुधाचा थेंब पडावा तसं सगळं गढुळतं. भट्टी नाही, तीव्र आम्ल नाही. आमच्या एका विद्यार्थिनीनं पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तिला वाटलं, नळीच खराब होती.

पण हे सुख मिळेपर्यंत महिना गेला. एकदा फॉस्फेट संपलं म्हणून कुणीतरी ट्रिस बफर वापरला, ज्यात फॉस्फेट नसतं. दुपारभर नळी पाण्यासारखी स्वच्छ! पेप्टाइडवरचा धन भार एकत्र बांधायला फॉस्फेट लागतं, हे मीच वर्गात शिकवतो; तरी आधी पुरवठादाराला शिव्या घातल्या. सिलिसिक आम्लही रोज ताजंच करावं लागतं. सकाळचं दुपारी वापरायला गेलं की त्याचं जेल होऊ लागतं. आणि ते टेट्रामिथाइल फ्यूम हूडबाहेर (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर) उघडू नका. त्याची वाफ डोळ्याच्या पारदर्शक पटलाला इजा करते, आणि त्रास तासाभरानंतर जाणवला तरी इजा झालेली असते. शिवाय पाण्याशी विघटन होताना मिथेनॉल सुटतं. आमचं इन्व्हर्टेज दणकट, त्याला फरक पडला नाही. नाजूक एंझाइमवाल्यांनी हे आधी तपासावं.

खरी तक्रार वजनाची. कुपीवर दहा मिलिग्रॅम लिहिलं म्हणजे आत दहा मिलिग्रॅम पेप्टाइड असतंच असं नाही. या तुकड्यात चार लायसिन आणि दोन आर्जिनिन, म्हणजे धन भार भरपूर, आणि प्रत्येकाला सिंथेसिसमधलं ट्रायफ्लुरोअॅसेटेट (एका आम्लाचा ऋण भाग) चिकटलेलं. हिशेब केला तर पाव भागाहून जास्त वजन त्याचंच भरतं. त्यामुळे स्टॉक द्रावणाचा पीएचही उतरतो. हे पत्रकात बारीक अक्षरात होतं, आम्ही वाचलं ऑगस्टमध्ये. त्याच महिन्यात, सगळं गाव आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी विचारत असताना, आमच्या दुसऱ्या कुपीला ओल लागली. फ्रीझरमधून काढली आणि लगेच उघडली. कापसासारखी पूड बघता बघता तळाशी चिकट थेंब होऊन बसली. आता कुपी तासभर बाहेर ठेवून मगच झाकण काढतो.

पुन्हा वापराचं काय? पाचव्या फेरीला डीएनएस (ग्लुकोज-फ्रुक्टोज असेल तर रंग देणारं रसायन) टाकून उकळल्यावर रंग पहिल्या फेरीइतका विटकरी येईना, फिकट नारिंगीवर थांबे. एंझाइम मेलं असं मानून बसलो होतो. मग सहज, कणांवरून ओतून काढलेलं पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवून कण तळाशी बसवणाऱ्या यंत्रात) पुन्हा जोरात फिरवलं, तर तळाशी पांढरा ठिपका! एंझाइम बऱ्यापैकी जिवंत होतं, आम्हीच त्याला सिंकमध्ये सोडत होतो. कण मायक्रॉनहूनही लहान, तेव्हा सेंट्रिफ्यूज जास्त वेळ चालवायला हवा. याच बारीकपणामुळे ते कॉलममध्ये भरता येत नाहीत, लगेच तुंबतं. जमेची बाजू अशी की इन्व्हर्टेज चालतं पीएच ४.५ च्या आसपास, आणि तिथे सिलिका फार हळू विरघळते. काम अल्कधर्मी पीएचला असेल तर दुसरं काही शोधा. साखरेचा रेणू लहान, भोकांतून आरामात आतबाहेर करतो. स्टार्चसारख्या मोठ्या रेणूसाठी मी हे सुचवणार नाही.

पुन्हा घेईन का? प्रॅक्टिकलसाठी नाही. अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइमही सिलिका बसवतं आणि किमतीत त्याची याच्याशी तुलनाच नाही. विद्यार्थ्यांच्या हातून दोन नळ्या सांडल्या तरी जीव खालीवर होत नाही. आर-फाइव्हचा क्रम एंझाइमच्या जनुकातच जोडून एंझाइमनं स्वतःचं स्वतः कोंडून घ्यायचं, या प्रयोगासाठी मात्र त्याला पर्याय दिसत नाही, आणि तिथे पेप्टाइड विकतही घ्यावं लागत नाही. उरलेली अर्धी कुपी त्याच्या तुलनेसाठी राखून ठेवलीय, डबीवर लाल मार्करनं ‘हात लावू नये’ लिहून.