जारच्या आत, शेजारी की टेम्पमध्ये? रिसोर्स फाइल नक्की कुठे ठेवायची

अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकांच्या दुकानाला मी जावामध्ये बिलिंगचं छोटं सॉफ्टवेअर करून दिलं होतं. जूनचा महिना, शाळेच्या पुस्तकांसाठी रांग पार फुटपाथपर्यंत, आणि काउंटरवरच्या पीसीवर जार (जावाचा प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या रिसोर्स फाइली, म्हणजे टेम्प्लेट, लोगो, फॉन्ट, ज्या एका फाइलमध्ये बांधून देतात ती) चालू केली तर बिलाचा टेम्प्लेटच सापडेना. दुकानवाले काका दिवसभर हातानं पावत्या फाडत बसले, ते अजून डोळ्यासमोर आहे. घरी एक्लिप्समध्ये (ज्यात मी कोड लिहितो ते सॉफ्टवेअर) सगळं चालत होतं कारण तिथं टेम्प्लेट खरोखरच डिस्कवर एका फोल्डरमध्ये असतो, जार बनवली की तोच झिपच्या पोटात जातो (जार म्हणजे शेवटी झिपच) आणि मग ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ती वेगळी फाइल उरतच नाही. म्हणून न्यू फाइल करून पाथ दिला की एरर येतो, यूआरआय हायरार्किकल नाही असा किंवा फाइल नॉट फाउंड, आणि त्या पाथमध्ये मधेच उद्गारचिन्ह दिसलं की समजायचं, हेच झालंय.

आता ठरवायचं कसं? मी एकच प्रश्न विचारतो, ही फाइल पुढं बदलणार कोण?

कोणीच नाही, म्हणजे लोगो, मराठी फॉन्ट, बिलाचा टेम्प्लेट, तर जारच्या आतच ठेवा आणि जावाची गेट रिसोर्स अ‍ॅज स्ट्रीम ही मेथड वापरून वाचा, ती पाथऐवजी थेट फाइलमधला डेटा, म्हणजे स्ट्रीम, हातात देते. ग्राहकाला एकच फाइल द्यायची, काही हरवत नाही, आणि फॉन्ट काय इमेज काय, दोन्ही स्ट्रीमवरून लोड होतात, पाथची गरजच नाही. फक्त स्लॅशकडे नीट लक्ष द्या. क्लासवरून मागितलं तर सुरुवातीचा स्लॅश म्हणजे जारची मुळापासूनची जागा आणि स्लॅश नसेल तर त्या क्लासचं पॅकेज, पण क्लासलोडरवरून (जावाचा क्लास लोड करणारा भाग) मागताना सुरुवातीला स्लॅश द्यायचाच नाही. चुकलं तरी तिथल्या तिथे एरर येत नाही, नल, म्हणजे काहीच नाही, असं उत्तर मिळतं आणि पुढं कुठंतरी नल पॉइंटरचा एरर फुटतो. दुसरं म्हणजे विंडोजवर फोल्डरमधून वाचताना लोगोचं एक्स्टेंशन कॅपिटल का स्मॉल यानं फरक पडत नाही, जारमध्ये पडतो. मेवन (जार बांधून देणारं टूल) वापरत असाल आणि त्याचं फिल्टरिंग, म्हणजे फाइलींमधला मजकूर बदलून टाकणं, चालू असेल तर फॉन्ट आणि इमेज त्यातून वगळा, नाहीतर बिघडतात.

काका स्वतः बदलणार असतील, म्हणजे डिस्काउंटचे दर, दुकानाचा पत्ता, तर फाइल बाहेरच हवी, कारण चालू जारमध्ये परत लिहायचा नाद करूच नये. पण नुसता रिलेटिव्ह पाथ देऊ नका, तो जारच्या जागेवरून नाही तर प्रोग्राम जिथून चालू केला त्या फोल्डरवरून मोजला जातो, डेस्कटॉपच्या शॉर्टकटमध्ये स्टार्ट इन वेगळं असलं की फाइल गायब. मी तर युजरच्या होम फोल्डरमध्येच ठेवतो, प्रोग्राम फाइल्समध्ये साध्या युजरला लिहायची परवानगी नसते. आणि हो, प्रॉपर्टीज फाइल (सेटिंग्जची साधी टेक्स्ट फाइल) थेट इनपुट स्ट्रीमनं लोड केली तर ती लॅटिन १, म्हणजे मराठी अक्षरं नसलेलं एन्कोडिंग, धरून वाचली जाते आणि दुकानाच्या मराठी नावाचा पार चुराडा होतो, त्यामुळे यूटीएफ ८ चा रीडर देऊनच लोड करा.

फाइल जारमधून टेम्पमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये, काढायचा मार्ग फक्त नाइलाज असेल तेव्हा, म्हणजे एखादी डीएलएल (विंडोजची लायब्ररी फाइल) किंवा पाथशिवाय ऐकतच नाही अशी लायब्ररी असेल तर. आतून स्ट्रीम घ्या, टेम्प फाइलवर कॉपी करा, तो पाथ पुढं द्या. लोड झालेली डीएलएल विंडोज प्रोग्राम चालू असताना पुसू देत नाही, म्हणून टेम्पमध्ये कचरा साचतो, तो पुढच्या वेळी चालू होताना साफ करायचा कोड लिहावाच लागतो.

माझ्या त्या दुकानात शेवटी टेम्प्लेट, लोगो, फॉन्ट आत आणि दरांची फाइल बाहेर, डिफॉल्ट दर जारच्या आत, पहिल्यांदा चालू केलं की ते होम फोल्डरमध्ये कॉपी होतात. कुठलाही पर्याय घ्या, देण्याआधी जार एकटीच उचलून नावात स्पेस असलेल्या रिकाम्या फोल्डरमध्ये टाका आणि एक्लिप्स बंद करून तिथून चालवून बघा.