लिनक्स मिंट: इंदूरच्या रामबागेतल्या टायपिंगच्या टेबलावरून

मी पडद्याकडे बघून टाइप करत नाही. हस्तलिखित डाव्या हाताला स्टँडवर असतं आणि नजर तिथेच असते. इन्स्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डवर, हात बसला की पडदा बघायचा तो परिच्छेद संपल्यावर. गेल्या नोव्हेंबरात नव्या लॅपटॉपवर एका मंडळाच्या स्मरणिकेतला लेख घेत होते. अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीचं वर्ष, त्यामुळे काम भरपूर आणि प्रत्येकाला घाई. परिच्छेद संपला, मान वर केली, तर पडद्याच्या मधोमध अँटिव्हायरसची खिडकी: मोफत मुदत संपत आली आहे, आत्ताच पैसे भरा. माझ्या अकरा ओळी कुठेच नव्हत्या. त्या खिडकीनं कर्सर आपल्याकडे ओढून घेतला होता आणि मी तेवढा वेळ हवेत टाइप करत होते.

अकरा ओळी परत घ्यायला दहा मिनिटंही लागत नाहीत. मला लागलं ते वेगळंच. हे अँटिव्हायरस मी मागितलं नव्हतं, घातलं नव्हतं, आणि तरी माझ्या पैशांनी आणलेल्या यंत्रावर माझं काम थांबवायचा अधिकार त्याला कुणी दिला? त्या संध्याकाळपासून जे सुरू झालं त्याचा हा अनुभव. लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी यंत्र चालवणारी मोफत प्रणाली, आता सहा महिने वापरते आहे, रोज सहा-सात तास, मराठी टायपिंगसाठी. त्यामुळे पुरेशा खात्रीनं लिहिते आहे.

आधी लॅपटॉप घ्यावा का लागला ते सांगते. माझा डेस्कटॉप २०१५ चा. त्यावर विंडोज १० होतं आणि त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एक वर्षभर सुरक्षेचे अपडेट वाढवून घ्यायची सोय होती, पण पुढे काय? विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. माझ्या डेस्कटॉपमध्ये दोन्ही नाही. यंत्र चांगलं चाललेलं, कीबोर्डची बटणं झिजलेली पण एकही अडकत नाही, आणि तरी ते बाद. मुलगा म्हणाला, आई, आता घेऊनच टाक. धनत्रयोदशीच्या आधी जेल रोड पालथा घातला, आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्येही दोन चकरा झाल्या. एका दुकानात मी विचारलं की यात विंडोज नको असेल तर? दुकानदार भला माणूस होता, पण त्याला प्रश्नच विचित्र वाटला. "आंटीजी, बिना विंडोज का चाहिए तो डॉस वाला मँगवा दूँगा, फिर उसमें मैं ही डलवा दूँगा." म्हणजे विंडोजशिवायचं यंत्र येतं ते चोरीचं विंडोज घालण्यासाठी, असा सरळ हिशेब. तिसरी वाटही असू शकते हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

विंडोजच्या करारात एक वाक्य आहे: अटी मान्य नसतील तर परताव्याचं धोरण काय ते यंत्राच्या उत्पादकाला विचारा. मी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. तिथल्या मुलीनं तीनदा होल्डवर ठेवून शेवटी सांगितलं की सॉफ्टवेअर परत करायचं तर अख्खा लॅपटॉप परत करावा लागेल. तिच्यावर माझा राग नाही. तिच्या समोरच्या कागदावर दुसरं उत्तरच नव्हतं.

तर लॅपटॉप घरी आला. पहिल्या दिवशी त्यात काय काय होतं ते मी वहीत लिहून ठेवलं होतं: मोफत मुदतीचं अँटिव्हायरस, चार खेळ, खरेदीच्या दोन साइटींची चित्रं, कंपनीचा स्वतःचा 'मदतनीस', फोटो सजवायचं काहीतरी आणि विम्याची जाहिरात. खेळ काढले, गेले. मदतनीस काढला, आणि पुढच्या अपडेटनंतर तो परत हजर, खरेदीच्या एका चित्रासकट. दुसऱ्यांदा काढला, पुन्हा आला. आपल्या घरातून बाहेर ठेवलेली वस्तू सकाळी पुन्हा दिवाणखान्यात सापडावी तसं वाटलं.

हे नुसतं मन दुखावण्यापुरतं नसतं. माझ्या लॅपटॉपशी संबंध नसलेलं, पण जगजाहीर उदाहरण आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत उघड झालं की लेनोवोच्या काही लॅपटॉपांवर सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर विक्रीआधीच घातलेलं होतं. त्यानं स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी आहे असं सांगणारा मूळ दाखला, यंत्रात बसवलं होतं. ब्राउझरमध्ये जे कुलूप दिसतं, ज्याच्या भरवशावर आपण बँकेची साइट उघडतो, तेच त्यामुळे पोकळ झालं. ग्राहकानं यात काही चूक केली नव्हती. खोकं उघडलं, बटण दाबलं, एवढंच.

फोनचीही तीच कथा. भारतीय स्पर्धा आयोगानं २० ऑक्टोबर २०२२ ला गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. त्यातला एक मुद्दा हाच होता की फोन बनवणाऱ्यांना गुगलच्या ॲपचा अख्खा संच घालावा लागतो आणि तो काढायची सोय नसते. आणि परवाच्या २०२५ च्या डिसेंबरात दूरसंचार विभागाचं संचार साथी ॲप प्रत्येक नव्या फोनवर घालण्याचा आदेश बाहेर आला, ओरड झाली, आणि ३ डिसेंबरला ती सक्ती मागे घेतली गेली. ॲप उपयोगी आहे, हरवलेला फोन बंद करता येतो, मी ते स्वतःहून घातलेलं आहे. स्वतःहून, हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो.

आता मिंट. पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, "आत्या, आधी जुन्या डेस्कटॉपवर करून बघ. तिथे बिघडलं तरी तुझं काम अडणार नाही." त्याचं ऐकलं ते बरं झालं. साइटवरून साधारण ३ जीबीची फाइल उतरवली आणि ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवली. डेस्कटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू केला. इथे मला पहिला सुखद धक्का बसला: यंत्रावर काहीही न घालता मिंट तसंच चालू झालं. आवाज, वायफाय, प्रिंटर, मराठी, सगळं आधी तपासून बघायचं आणि पटलं तरच 'इन्स्टॉल'वर दाबायचं. दोन दिवस मी नुसतं पेनड्राइव्हवरच काम केलं. साडी खांद्यावर टाकून आरशात बघू देतात तशी ही सोय.

बसवताना त्यानं माझं नाव विचारलं, पासवर्ड विचारला, गाव विचारलं. ईमेल नाही, फोन नंबर नाही, खातं नाही. वीस मिनिटांत डेस्कटॉप उभा राहिला. त्यात जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, टाकून घेतली होती, ती मात्र टाकाच. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, ४ असली तर बरं. माझ्यात ८ आहे आणि दहा वर्षांचं यंत्र नव्या लॅपटॉपच्या बरोबरीनं चालतं.

मिंटमध्येही आधीपासून घातलेलं पुष्कळ असतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. लिहिण्या-हिशेबासाठी लिबरऑफिस, फायरफॉक्स ब्राउझर, ईमेलसाठी थंडरबर्ड, मोठ्या फायली उतरवायचा टॉरेंटचा एक प्रोग्रॅम, टीव्ही बघायचा एक. टॉरेंट मला नको होतं. मेन्यूत त्याच्यावर उजवं बटण दाबलं, 'अनइन्स्टॉल' म्हटलं, काय काय जाणार त्याची यादी दाखवली, पासवर्ड मागितला, गेलं. सहा महिने झाले, कितीतरी अपडेट झाले, परत आलेलं नाही. आधीपासून काही घातलेलं असण्याला माझी हरकत नाहीच. नव्या भाड्याच्या घरात पंखे लावलेले असले तर आपण आभारच मानतो. काढता आले पाहिजेत आणि काढल्यावर गेले पाहिजेत, इतकंच.

अपडेटचंही तसंच. खाली कोपऱ्यात छोटी ढाल दिसते, तिच्यावर खूण आली की समजायचं. दाबाल तेव्हाच होतं. छपाईवाला दारात उभा असताना यंत्र 'कृपया बंद करू नका' म्हणत बसलंय, हे माझ्या बाबतीत मिंटवर एकदाही झालं नाही. आणि अपडेटनं काही बिघडलंच तर टाइमशिफ्ट म्हणून सोय आहे, ती आधीच्या तारखेचं यंत्र परत आणते. मला एकदा लागली, दहा मिनिटांत काम झालं. मिंट ज्या उबुंटू नावाच्या दुसऱ्या लिनक्सवर उभं आहे, तिथे क्रोमियम ब्राउझर मागितला की मागच्या दारानं स्नॅप नावाची, ॲप बसवायची सगळी वेगळी व्यवस्था यायची. २०२० मध्ये मिंटवाल्यांनी ती वाट बंद केली: वापरणाऱ्यानं स्वतः मागितल्याशिवाय स्नॅप येणार नाही. हे वाचलं तेव्हा माझा विश्वास बसला की ही माणसं आपल्यासारखाच विचार करतात.

मराठीचं काय, हा आपल्या लोकांचा पहिला प्रश्न. इन्स्क्रिप्ट आधीपासून आहे, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की झालं. ज्यांना रोमन अक्षरांवरून टाइप करायची सवय आहे त्यांच्यासाठी फोनेटिकही मिळतं. मी पहिल्यांदा काय तपासलं ते सांगते: 'दुसऱ्या'. त्यातला ऱ्या. हिंदीच्या सवयीनं बनवलेल्या साधनांत तो हमखास 'र्या' होतो, आणि 'दुसर्या' छापून आलं की मला अन्नात खडा लागावा तसं होतं. शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई. लिबरऑफिसमध्ये चंद्रकोर ऱ्या तसाच उमटला जसा उमटायला हवा. पीडीएफ केली, छपाईच्या यंत्रावर गेली, तिथेही तसाच. मी तो कागद जपून ठेवला आहे.

मग जानेवारीत लॅपटॉपवरही मिंट घेतलं, पण विंडोज काढलं नाही, दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. कारण माझ्याकडे वीस वर्षांच्या फायली युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टांत आहेत. लग्नपत्रिका, भजनांची पुस्तकं, दोन दिवाळी अंक. ते फॉन्ट चालवणारं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. ज्यांचं रोजचं काम अशाच सॉफ्टवेअरवर आहे, किंवा ज्यांच्याकडून छपाईवाला कोरलड्रॉचीच फाइल मागतो, त्यांनी मिंटच्या नादी लागून धंदा अडवू नये. माझा छपाईवाला पीडीएफ घेतो म्हणून मला जमलं. स्कॅनरनंही दोन रविवार खाल्ले. छपाई पहिल्या दिवसापासून होत होती, स्कॅन होईना. शेवटी प्रिंटरच्या कंपनीचं लिनक्ससाठीचं पॅकेज वेगळं घ्यावं लागलं. या दोन गोष्टींसाठी पाचातला एक तारा मी कमी करते.

लॅपटॉपवर करणाऱ्यांसाठी एक गोष्ट हात जोडून सांगते. विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या लॅपटॉपांवर डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते. तिची ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडायचा क्रमांक, तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. डिस्कला किंवा यंत्र सुरू होण्याच्या (बूटच्या) सेटिंगला हात लावायच्या आधी ती काढून कागदावर लिहा. मी किराण्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर सहा-सहा आकड्यांचे आठ गट लिहिले, मुलाकडून एक-एक आकडा वाचून ताडून घेतला, मगच विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून मिंटसाठी जागा मोकळी केली. पहिल्यांदा विंडोजकडे परत गेले तेव्हा त्यानं तीच की मागितली. वही नसती तर वीस वर्षांच्या फायली यंत्रात असून हाती लागल्या नसत्या.

मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे माझा २०१५ चा डेस्कटॉप चौदा वर्षांचा होईपर्यंत चालेल. सध्या त्यावर शेजारच्या वहिनी दत्त संप्रदायाच्या पदांचं हस्तलिखित उतरवून घेताहेत.

पेनड्राइव्ह माझ्याकडे तयार आहे. रामबाग, नारायण बागेतल्या कुणाला करून बघायचं असेल तर रविवारी दुपारी चारनंतर या. येताना आपल्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतलेली असू द्या, आणि लॅपटॉप असेल तर ते ४८ आकडे लिहिलेला कागद.