घरबसल्या डॉक्टर: ई-संजीवनी, खाजगी ॲप की आपल्याच डॉक्टरांचा व्हॉट्सॲप?

आईबाबा सत्तरीत (वयाने पण आणि तालुक्याने पण) आणि मुलं पुण्यात, दुबईत नाहीतर बोटीवर, अशी घरं गोव्यात वाड्यावाड्यावर आहेत. त्या मुलांचा प्रश्न एकच असतो, घरबसल्या डॉक्टरला दाखवायचं तर नेमकं कशावर? सरकारचं ई-संजीवनी फुकट आहे, खाजगी ॲप्सच्या जाहिराती मोबाइलवर दिवसभर येतात, आणि गावातल्या डॉक्टरांचा नंबर तर फ्रिजवर चिकटवलेला असतोच. तिन्ही चांगलेच आहेत पण तिघांची कामं वेगळी. घोळ होतो तो इथेच, म्हणजे जे काम व्हॉट्सॲपवर दोन मिनिटांत झालं असतं त्याला लोक ॲपवर पैसे घालतात, आणि ज्याला सरळ १०८ लावायला हवा होता त्याचा मेसेज टाकून निळी टिक कधी येते बघत बसतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बीपी, शुगर, थायरॉइडसारखं जुनं दुखणं असेल तर ज्या डॉक्टरने पेशंटला हात लावून तपासलंय त्याचाच फोन सगळ्यात बरा. ई-संजीवनी दुसऱ्या नंबरला, पण एका बाबतीत ती सगळ्यांच्या पुढे आहे, ते खाली येईल. खाजगी ॲप स्पेशालिस्टसाठी आणि सेकंड ओपिनियनसाठी.

आता बरेच जण विचारतात की फोनवर औषध लिहून देणं चालतं का. चालतं. २५ मार्च २०२० ला, म्हणजे देशभर लॉकडाऊन लागला त्याच दिवशी, केंद्राने टेलिमेडिसिनचे नियम काढले. त्यात व्हिडिओ, साधा फोन, मेसेज, व्हॉट्सॲप सगळं बसतं, मात्र समोरचा माणूस नोंदणी असलेला डॉक्टर पाहिजे आणि प्रिस्क्रिप्शनवर त्याचा रजिस्ट्रेशन नंबर पाहिजे. औषधांचे गट पण पाडलेत. पॅरासिटामॉल, ओआरएस असलं साधं काही कुठल्याही पद्धतीने सांगता येतं. काही औषधं पहिल्याच भेटीत द्यायची तर व्हिडिओवर बघूनच देता येतात. आणि काही फक्त तेव्हाच, जेव्हा डॉक्टरने आधी समोर बसवून तपासलेलं असतं आणि हा त्याच दुखण्याचा फॉलोअप असतो. मॉर्फिन, कोडीनसारखी औषधं फोनवर लिहूनच देता येत नाहीत, त्यामुळे ॲपवरच्या डॉक्टरने एखादी गोळी नाकारली तर तो कंजूषपणा करतोय असं समजू नका, त्याचे हात नियमाने बांधलेले असतात. आणि हो, चॅटबॉट स्वतः औषध लिहून देऊ शकत नाही, हे पण त्याच नियमांत आहे.

तर आपला डॉक्टर. त्याची जमेची बाजू अशी की त्याला बाबांचं जुनं सगळं माहीत असतं, कुठल्या गोळीने पाय सुजले होते, ते पथ्य किती पाळतात आणि किती पाळतो म्हणून सांगतात, चवथीच्या आठवड्यात नेवऱ्या-मोदक खाऊन शुगर कुठे जाते. आणि आई कोकणीत जे सांगते ते त्याला मध्ये कोणी न घालता कळतं. तोटा असा की व्हॉट्सॲपला ना टोकन ना रांग. सकाळी ओपीडीत तीसेक माणसं समोर असताना तुमचा मेसेज लग्नाच्या आमंत्रणांखाली गाडला जातो, रेकॉर्ड पण त्या चॅटमध्येच कुठेतरी वर राहून जातं. त्यामुळे दोन गोष्टी आधी ठरवून घ्या. एक, फोन कुठल्या वेळेत केलेला चालेल, आणि दुसरी म्हणजे फी. फोनवरच्या सल्ल्याचे पैसे घ्यायचा डॉक्टरला हक्क आहे आणि गावात मागायला तो लाजतो, मग हळूहळू उत्तरं द्यायचं टाळतो, आणि आपण म्हणतो डॉक्टर बदलले. न मागता यूपीआयने पाठवा, बघा किती फरक पडतो. मेसेज पण सुटा सुटा टाकू नका. नाव, वय, काय होतंय आणि कधीपासून, आत्ता चालू असलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिपचा फोटो (नाव आणि एमजी दिसेल असा), मागच्या रिपोर्टचा फोटो, एवढं एकाच वेळी. 'डॉक्टर, बाबांना बरं नाही' एवढ्यावर कोणी काय सांगणार?

ई-संजीवनीकडे लोक सरकारी म्हणून नाक मुरडतात, ते मला पटत नाही. घरून थेट डॉक्टरशी बोलायची सोय १३ एप्रिल २०२० ला सुरू झाली, सॉफ्टवेअर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या मोहाली केंद्राने बनवलंय आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत देशभरात १० कोटी सल्ले झाले होते. मोबाइल नंबरवर ओटीपी येतो, टोकन मिळतं, आपला नंबर आला की व्हिडिओ लागतो आणि संपल्यावर ई-प्रिस्क्रिप्शन डाउनलोड करता येतं. पैसे शून्य. पण समोरचा डॉक्टर आज हा उद्या तो, त्यामुळे दरवेळी श्रीगणेशा करावा लागतो, आणि जुने कागद तुम्ही हाताशी ठेवले नसतील तर निम्मा वेळ त्यातच जातो. सर्दी, खाज, पोट बिघडणं, रिपोर्ट दाखवणं, एवढ्याला छान आहे.

मघाशी ज्यात ती पुढे आहे म्हटलं ते हे. ई-संजीवनीचा एक दुसरा प्रकार आहे, त्यात पेशंट घरी नसतो, तो जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बसतो आणि तिथला माणूस कॅमेऱ्यावर वरच्या डॉक्टरला जोडून देतो. म्हणजे पेशंटजवळ बीपी बघणारा, छातीला स्टेथो लावणारा, सूज दाबून बघणारा कोणीतरी असतो आणि स्पेशालिस्ट पलीकडे. खाजगी ॲपवर कितीही पैसे मोजा, हे मिळत नाही. सत्तरीतल्या वाळपईहून बांबोळी पन्नासेक किलोमीटर, म्हाताऱ्या माणसाला कदंबच्या बसने नेऊन तिथल्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) ओपीडीत उभं करायचं म्हणजे एक माणूस दिवसभर मोडतो, आणि तिथे बोलणं होतं पाच मिनिटं. ते पाच मिनिटांचं बोलणं गावातल्या केंद्रातून होत असेल तर का नको? कुठल्या केंद्रात कुठल्या वारी काय चालतं ते मात्र प्रत्यक्ष जाऊनच विचारा.

खाजगी ॲपचं थोडक्यात आटोपतो. प्रॅक्टो, अपोलो २४/७, टाटा वनएमजी वगैरेंवर रात्री अकराला पण डॉक्टर मिळतो, त्वचा, हार्मोन, मूत्रपिंड असे स्पेशालिस्ट मिळतात ज्यांच्यासाठी एरवी पणजी-मडगाव गाठावं लागतं, आणि रेकॉर्ड नीट राहतं. पैसे काहीशे रुपयांपासून मोठ्या नावांना हजाराच्या वर. पण डॉक्टर बेंगळुरूचा नाहीतर दिल्लीचा, म्हणजे हिंदी-इंग्रजी, म्हणजे आईच्या वतीने तुम्हीच बोलणार, आणि तुम्ही सांगता ते तुम्हाला वाटतं ते असतं, तिला होतं ते नसतं. शिवाय एक सल्ला झाला की तपासण्यांची पॅकेजं आणि गोळ्यांची सबस्क्रिप्शन मागे लागतात, त्यातलं काहीही त्याच दिवशी घेऊ नका. औषधाचं जेनेरिक नाव लिहून मागा, नाहीतर तो ब्रँड आपल्या साखळी गावातल्या फार्मसीत मिळत नाही आणि पुन्हा फोनाफोनी. ऑपरेशन करायचं का नाही असा प्रश्न असेल तर मात्र खुशाल पैसे घाला, तिथे दुसऱ्या डॉक्टरचं मत त्या किमतीचं असतं.

आता ज्यावर हे सगळं उभं आहे ते, घरातली यंत्रं. फोनवरचा डॉक्टर आंधळाच असतो, तुम्ही जो आकडा द्याल तेवढंच त्याला दिसतं. म्हणून बीपीचं मशीन दंडावर पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर, बोलायचं नाही, आधी अर्धा तास चहा नाही, आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. सकाळ-संध्याकाळ असं आठवडाभर वहीत लिहून त्या पानाचा एकच फोटो डॉक्टरला पाठवा, एकट्या आकड्यापेक्षा त्याला खूप जास्त कळतं. घरी मोजताना सरासरी १३५/८५ किंवा वर राहिली तर ते जास्तच धरतात, दवाखान्यातला १४०/९० चा आकडा इथे लावू नका. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी पावसाळ्यात घट्ट बंद ठेवा, आपल्याकडच्या दमट हवेत पट्ट्या खराब होतात आणि मग शुगर भलतीच दिसते. ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश काढा. आणि सुई न टोचता शुगर सांगणारं घड्याळ किंवा अंगठी कोणी भेट दिली तर त्यावर इन्सुलिन ठरवू नका, अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये असल्या वस्तू वापरू नका म्हणून इशारा दिलाय.

छातीत दुखणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, श्वास लागणं, यात तिन्हीपैकी एकही नाही. १०८. पण तंत्रज्ञान इथे पण आहे, फक्त ते तुमच्या फोनमध्ये नाही. गोव्यात हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यासाठी स्टेमी प्रकल्प म्हणून चालतो, त्यात तालुक्याच्या केंद्रात ईसीजी काढतात, तो लगेच मोबाइल नेटवर्कवरून हृदयरोगाच्या डॉक्टरांकडे जातो, आणि झटका पक्का असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देऊन मग पेशंटला गोमेकॉत हलवतात. हृदयाचा स्नायू मिनिटागणिक मरत असतो, म्हणून हे इंजेक्शन बांबोळीला पोचल्यावर मिळण्यापेक्षा तासभर आधी मिळालं तर फार फरक पडतो. लोकांना अजून वाटतं की जवळच्या केंद्रात गेलो तर वेळ फुकट जाईल, म्हणून आपल्या गाडीत घालून थेट बांबोळीला पळवतात. तुमच्या भागात ही सोय कुठल्या केंद्रात आहे ते आज कोणी आजारी नसतानाच विचारून ठेवा आणि शेजाऱ्यांना पण सांगा, कारण त्या वेळी गाडी तेच चालवणार असतात.

मनाच्या दुखण्याचं गणित उलटं आहे, तिथे अनोळखी माणूसच बरा वाटतो. गावात सगळ्यांना सगळं कळतं, आयपीएचबीच्या, म्हणजे बांबोळीच्या सरकारी मनोरुग्णालयाच्या गेटवर कोणी बघितलं तर काय म्हणतील हीच भीती. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, दिवसरात्र, साध्या फोनवरून पण लागतो. आधी समुपदेशक बोलतो आणि गरज लागली तर पुढे डॉक्टरकडे देतो. डॉक्टर नसलेला माणूस काय करणार असं वाटत असेल तर, गोव्यातल्याच सरकारी आरोग्य केंद्रांत प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी नैराश्य आणि चिंतेच्या पेशंटना मदत केली त्याचा अभ्यास २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये आला होता, आणि सरकारी केंद्रांत येणाऱ्या लोकांत त्याचा चांगला फायदा दिसला होता.

राहिला नेटवर्कचा प्रश्न, जो पणजीत बसून कळत नाही. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांत पावसाळ्यात वीज गेली की थोड्या वेळाने टॉवर पण जातो आणि मग कसला व्हिडिओ. तिथे ॲपचे पैसे आगाऊ भरू नका, साध्या फोनवर बोलणाराच डॉक्टर धरा, आणि गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी फॉलोअप उरकून घ्या. आईबाबांकडे स्मार्टफोनच नसेल किंवा असून तो फक्त व्हिडिओ बघायला असेल, तर उगाच ॲप शिकवत बसू नका, शेजारची एखादी कॉलेजला जाणारी मुलगी आठवड्यातून एकदा येऊन वहीच्या पानाचा फोटो डॉक्टरला पाठवील, तिचा रिचार्ज तुम्ही मारा.