बांबूच्या गोल सुया आणि दुखरी बोटं: नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या आषाढात आमच्या बेळगावच्या वडगावात मंगाई देवीच्या जत्रेची गडबड चालली होती, त्याच आठवड्यात लोकर विणायच्या या सुया घरी आल्या. आता पाडवाही होऊन गेला. नऊ महिने जवळजवळ रोज हातात असलेल्या वस्तूबद्दल लिहितेय. बोटं दुखणाऱ्या, सांधे आखडणाऱ्या कितीतरी बायका विचारतात की आम्हाला विणकाम जमेल का. त्यांच्यासाठी जरा सविस्तरच लिहिते.

आधी माझ्या हातांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला सहा वर्षांपासून आमवात आहे, ज्याला डॉक्टर रुमेटॉइड म्हणतात. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उठते, असा हा आजार. दोन्ही हातांची बोटांची पेरं आणि मनगटं. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. पहिलं दीड वर्ष तर निदानच झालं नाही, 'वय झालं, कामं कमी करा' एवढंच ऐकून परत यायचे. तेव्हा मी शेहेचाळीसची होते. त्या दीड वर्षाचा राग अजून पोटात आहे.

आमच्या घरात माग आहेत. लग्नानंतर वीस वर्षं मी मागासाठी रहाटावर सूत गुंडाळून कांड्या भरल्या. सूत बोटांमधून सरकत जायचं आणि तुटलं की न बघता गाठ पडायची, इतकी सवय होती. आमवाताने पहिल्यांदा तेच काम काढून घेतलं. मागच्या वर्षी साडीला उठाव नाही म्हणून चारपैकी दोन माग यांनी मोडीत घातले. कर्जाचे हप्ते चालू, मुलगा पुण्यात, आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पाय घसरून पडल्यापासून खाटेवर. दिवसभर घरात कोणी ना कोणी हाक मारत असतं आणि रात्री हात झोपू देत नाहीत. अशा वेळी विणकामाकडे वळले.

खरं तर सुया घरात होत्याच. माझ्या आईच्या, अल्युमिनियमच्या, दहा नंबरच्या. पहिल्यांदा त्याच काढल्या आणि चार दिवसांत ठेवून दिल्या. लांब सरळ सुईवर विणताना सगळ्या कामाचं वजन सुईच्या टोकाला लोंबतं आणि ते मनगटाला पेलावं लागतं. शिवाय धातू पावसाळ्यात गार पडतो. बेळगावचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या लागतात. त्या गार सुया सकाळी हातात धरल्या की पेरातून कळ जायची.

म्हणून बांबूच्या गोल सुया ऑनलाइन मागवल्या. दोन छोट्या सुया आणि मधे नायलॉनची तार, एकूण लांबी 80 सेंटिमीटर. एक जोडी 4 मिलिमीटरची आणि एक 5 मिलिमीटरची, दोन्ही मिळून सहाशेच्या आत. नंबरांचा घोळ आधीच सांगते, कारण मी त्यात फसले असते. आपल्याकडे दुकानात जे जुने नंबर चालतात त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: 6 नंबर म्हणजे 5 मिलिमीटर, 8 म्हणजे 4, 10 म्हणजे सव्वातीन, 12 म्हणजे पावणेतीन. अमेरिकन नंबर याच्या बरोबर उलटे चालतात. तेव्हा नंबर सोडा आणि मिलिमीटर बघा.

आणखी एक गैरसमज. गोल सुईवर फक्त टोपी, गळा असं गोलच विणता येतं असं बऱ्याच जणींना वाटतं. तसं नाही. ओळ संपली की काम उलटं फिरवायचं आणि पुन्हा विणायला लागायचं, सरळ सुयांसारखंच. फरक एवढाच की विणलेलं सगळं मधल्या तारेवर येऊन मांडीवर बसतं आणि हातात फक्त दोन हलकी टोकं राहतात. माझ्यासाठी सगळा फायदा यात आहे. आत्याबाईंची शाल शेवटी शेवटी पाऊण किलोच्या जवळ गेली होती, पण मनगटावर त्यातलं काहीच आलं नाही.

बांबू हाताला गार लागत नाही. टाके धातूवर सरसर घसरतात तसे याच्यावर घसरत नाहीत, त्यामुळे वेग कमी होतो, पण सुई गच्च आवळून धरावी लागत नाही. आवळून धरणं हेच दुखऱ्या बोटांचं खरं वैरी. माझा हात मुळात घट्ट आहे, टाके आवळून घालायची सवय. पाच मिलिमीटरच्या सुईवर मुद्दाम सैल विणायला शिकले, दोरा उजव्या हाताने फेकण्याऐवजी डाव्या तर्जनीवर धरायला लागले. पहिले पंधरा दिवस ओळी वेड्यावाकड्या आल्या. नंतर हात बसला, आणि उजव्या मनगटाची हालचाल निम्म्यावर आली असं मला वाटतं.

आता तक्रारी. तार घडी घालून पाकिटात आल्यामुळे ती कायम गुंडाळल्यासारखी वळत होती. कढत पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवून सरळ ताणून धरली की नीट होते. बांबूचं टोक मात्र पाण्यात जाऊ द्यायचं नाही. पाच मिलिमीटरच्या जोडीत तार आणि सुई जिथे जुळतात तिथे बारीक कड होती, प्रत्येक टाका तिथे अडायचा. अडलेला टाका ढकलायला अंगठ्याचा जोर लागतो, आणि माझ्यासारखीला तोच परवडत नाही. विकणाऱ्याला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही. शेवटी यांनी मागाच्या खोलीतला बारीक पॉलिश पेपर आणून ती कड घासून दिली, वरून मेणबत्तीचा मेण चोळला. आता ठीक आहे. सहा महिन्यांनी चार मिलिमीटरच्या एका टोकाचे रेशे उठायला लागले, तिथेही तोच उपाय केला. बारीक नंबराच्या बांबूच्या सुया मात्र घेऊ नका. मी हौसेने सव्वातीनची घेतली होती, ती खाटेवर विसरले आणि कोणाच्या तरी वजनाखाली मोडली.

लोकर खडेबाजारातून घेते. आपल्याकडे मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक, धुवायला सोपी, पण इस्त्री लावायची नाही. उष्णतेने तिचा फुगीरपणा कायमचा जातो. खऱ्या लोकरीला ताण असतो, ती बोटांबरोबर थोडी खेचली जाते, म्हणून हाताला ती जास्त सोयीची. सुती दोरा अजिबात ताणत नाही. सुतात वाढलेली असूनही सांगते, दुखऱ्या हातांनी सुती दोऱ्यावर दोन सुयांचं काम सुरू करू नका. आणि लोकरीचे गुंडे एकदमच घ्या, पट्टीवरचा लॉट नंबर बघून. हे मला यांनी सांगितलं. साडीत रंगाचा लॉट बदलला की आडवा पट्टा उमटतो, गिऱ्हाईक लांबूनच ओळखतं. शालीला मी सात गुंडे एकाच लॉटचे घेतले.

ती शाल विणताना आत्याबाई रोज विचारायच्या, "किती वार झालं?" मला आधी कळेना, लोकर कोण वारात मोजतं. मग त्यांनी सांगितलं. 1924 साली इथे टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष होते, तेव्हा त्यांचे वडील बारा वर्षांचे होते. सभासदाने दर महिन्याला 2000 वार सूत द्यायचं असं त्या वेळी ठरलं होतं, आणि त्यांच्या घरी तेव्हापासून टकळीवरचं सूत वारात मोजायची पद्धत पडली. मी हिशेब करून बघितला. एका गुंड्यावर 220 मीटर लिहिलेलं, सात गुंड्यांचे 1,540. दोन हजार वार म्हणजे साधारण 1,830 मीटर. "अजून तीनशे मीटर कमी पडतंय, आत्याबाई," म्हटलं तर त्या म्हणाल्या, "मग माझ्या पायाला मोजे कर की." त्या पडल्यापासून स्वतःहून काही मागितलं ते हे पहिलंच.

दुखण्याबद्दल आता खरं काय ते सांगते. विणकामाने माझं दुखणं कमी झालेलं नाही. सूज औषधाने उतरते, आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळीने, आणि दर काही महिन्यांनी रक्त तपासावं लागतं ते लागतंच. 2013 साली ब्रिटिश जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपीमध्ये 31 देशांतल्या 3,545 विणणाऱ्यांची पाहणी छापून आली होती. जास्त वेळा विणणाऱ्यांना जास्त शांत आणि आनंदी वाटतं, असं त्यात दिसलं. पण उत्तरं देणारे सगळे आधीच विणकाम करणारे होते, म्हणून मी त्याला औषधाचा पुरावा म्हणणार नाही. मला मिळालं ते वेगळं आहे. ते मला एका रात्रीवरून सांगता येईल.

ऑगस्टमधली रात्र, तीन वाजलेले, पत्र्यावर पाऊस. उजवं मनगट ठणकत होतं. अशा वेळी पूर्वी मी घड्याळाकडे बघत पडून राहायचे आणि डोक्यात हप्ता, मुलाची नोकरी, उद्याची भाकरी कशी थापणार, हे सगळं फिरत राहायचं. त्या रात्री यांच्या बिनबाह्यांच्या स्वेटरचं काम घेऊन दिव्याखाली बसले आणि दिसलं की अकरा ओळी खाली एक टाका सुटलाय. सुटलेल्या टाक्याच्या वर आडव्या दोऱ्यांची शिडी झाली होती. उसवायचं तर अकरा ओळी, दर ओळीला 98 टाके. क्रोशाची सुई घेतली, खालचा सुटा फास तिच्यावर धरला, त्याच्या वरचा पहिला आडवा दोरा पकडून फासातून ओढून घेतला. एक पायरी चढली. मग दुसरी. प्रत्येक पायरीला बोटांना जरा थांबायला लागत होतं. अकरावी पायरी चढून टाका पुन्हा सुईवर आला तेव्हा जागा बोटाने चाचपून बघितली, कुठे सुटला होता ते कळत नव्हतं. शेजारच्या खाटेवरून आत्याबाई म्हणाल्या, "झोप न्हाई व्हय गं?" मी म्हटलं, "टाका सुटलावता, उचलला." मनगट ठणकतच होतं. पण पाऊण तास गेला होता आणि त्या वेळात हप्ता मनात आला नव्हता.

तेव्हापासून रात्री मी घड्याळ बघत नाही. चार ओळी झाल्या, सहा झाल्या, असं मोजते. दिवसा एखादी हाक आली तर ओळ अर्धी सोडून उठता येतं, परत आल्यावर काम तिथेच थांबलेलं असतं. घरातल्या दुसऱ्या कुठल्याही कामाचं असं होत नाही. दूध उतू जातं, माग बंद पडतो, आत्याबाईंची कूस बदलायची वेळ टळते. आणि कांड्या भरायचं बंद झाल्यावर माझ्या बोटांतून दोरा जाणं थांबलं होतं, ते पुन्हा सुरू झालं. याचं मला किती बरं वाटतं ते लिहून सांगता येणार नाही.

एक चूक केली ती तुम्ही करू नका. दिवाळीत भाचीच्या बाळाची कुंची पूर्ण करायची म्हणून तीन-तीन तास सलग बसले. चौथ्या दिवशी मनगट सुजलं, अंगठ्याच्या मुळाशी आग व्हायला लागली आणि आठवडाभर भाकरी थापता आली नाही. यांनीच चपात्या लाटल्या. डॉक्टरांनी विणकाम बंद करायला सांगितलं नाही, पण सांधा लाल, गरम, सुजलेला असेल त्या दिवशी सुईला हात लावायचा नाही असं बजावलं. आता मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावते. वाजला की ओळ अर्धी असली तरी ठेवायचं, बोटं पूर्ण उघडायची, मनगट सैल सोडायचं. कोपराखाली उशी घेते. सकाळी आखडलेल्या हातांनी कधीच बसत नाही, आधी कोमट पाण्यात हात घालते आणि दहानंतरच लोकर काढते. शनिवारी गोळी घेतली की रविवारी मळमळतं, अंगात त्राण नसतं. त्या दिवशी फक्त सगळ्या सुलट ओळींचं (दोरा मागे ठेवून घालायच्या टाक्यांचं) साधं काम, ज्यात मोजावं लागत नाही.

पलीकडच्या घरातल्या अक्का रोज कुंपणावरून विचारतात, "वैनी, कै नोवु हेंगैती?" हात कसा आहे म्हणून. त्यांना मराठी मोडकं येतं, मला कन्नड मोडकं. पूर्वी मी 'ऐती, हंगे ऐती', म्हणजे आहे तसाच आहे, म्हणून आत जायचे. आता त्या आधी काम बघतात आणि मग हाताचं विचारतात. जानेवारीत थंडी होती तेव्हा त्यांनी स्वतः शिकायला घेतलं. त्यांनाही गुडघ्याचा त्रास, बसून राहावं लागतं. टाके कसे घालायचे ते हाताला हात लावूनच शिकवलं, त्याला भाषा लागली नाही. उलट टाक्याला, म्हणजे दोरा पुढे घेऊन घालायच्या टाक्याला, मात्र त्या अजून अडतात.

घ्यायच्या असतील तर 5 मिलिमीटर, 80 सेंटिमीटरच्या घ्या. जोड बोटाने चाचपून बघता येईल अशा दुकानात मिळाल्या तर जास्त बरं. पहिल्या कामाला फिक्या रंगाची जाड लोकर, तीस टाके आणि सगळ्या ओळी सुलट. काळ्या लोकरीवर टाके दिसत नाहीत आणि डोळ्यांबरोबर मानही दुखते. स्वेटर करणार असाल तर आधी छोटा चौकोन विणून 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. माझ्या चार मिलिमीटरच्या सुईवर 22 बसतात, सैल हात असेल तर कमी बसतील.

आत्याबाईंचा एक मोजा झालाय. दुसऱ्याची टाच वळवायची आहे. काल मनगटावर थोडी सूज होती, म्हणून सुई तशीच टोपलीत ठेवली आहे.